अध्यक्ष, न्याय्य चार्जिंग समिती

सरांनी विजेवर चालणारी गाडी घेतली तेव्हा ती कुठल्या रंगाची घ्यावी यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. ती चार्ज कुठे करायची यावर अजिबात झाली नाही. रंग राखाडी ठरला.

सर म्हणजे शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारे सर. हा विषय मुलं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचतात आणि पुढे जन्मात पाळत नाहीत, हे सरांचं कायमचं दुःख होतं. त्यामुळे वर्गात उरलेला विषय ते कॉलनीत शिकवत. लिफ्टमधून आधी बाहेर येणाऱ्याला येऊ द्यावं, जिन्यात चपला पसरून ठेवू नयेत, बागेतल्या बाकावर आडवं होऊ नये. कॉलनीत सगळे त्यांना 'सर'च म्हणत. फक्त बायको 'अहो' म्हणे, आणि त्या एका 'अहो'त हेडमास्तरांच्या केबिनचा सगळा दरारा असे.

गाडी दारात आल्यावर सर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले.

"तुमचं पार्किंग पाण्याच्या टाकीखाली ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो."

"टाकी गळते ना?"

"त्याबद्दल मी अर्ज दिलेला आहे."

"मग तो मंजूर झाला की विजेचा अर्ज द्या. गळक्या टाकीखाली तार ओढून अख्खी सोसायटी एकदम चार्ज करायचीय का तुम्हाला?"

उरला सार्वजनिक चार्जर. कॉलनीसमोरच्या बागेला लागून, फुटपाथच्या कडेला तो उभा होता. त्याला दोन केबली होत्या. त्यातली एक बसवल्यापासूनच बंद होती आणि तिच्यावर 'लवकरच सुरू होईल' अशी पाटी होती. पाटीचा रंग उडून आता नुसतं 'लवकरच' उरलं होतं. दुसरी केबल मात्र जोरात चालू होती आणि आसपासच्या सगळ्या विजेच्या गाड्यांचा डोळा तिच्यावर होता.

सरांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं की तिथे सकाळी एक टॅक्सी असते. टॅक्सी गेली की सामानाचा एक टेम्पो येतो. आणि मधूनच एक लाल गाडी यायची, तिचं चालकाच्या बाजूचं दार सताड उघडं असायचं आणि ते कितीतरी वेळ तसंच असायचं. गाडीत बाई असत एवढं सरांना बाल्कनीतून दिसे. दार उघडं टाकून या बाई इतका वेळ करतात तरी काय, हे काही दिसत नसे. सरांना त्या दाराचा फार राग यायचा. चपला पसरणाऱ्यांची जातच ही, असं त्यांचं मत झालं.

इकडे राखाडी गाडीची बॅटरी उतरत चालली. बायकोला बाजारात सोडायला निघाले की सर आधी गाण्यांचा आवाज बंद करत, मग एसी बंद करत, मग 'काचही वारंवार वरखाली करू नकोस' म्हणत.

"अहो," बायको घाम पुसत म्हणाली, "आपण गाडी घेतलीय की भट्टी?"

"बॅटरी वाचवतोय."

"मग मला इथेच उतरवा. माझं वजन तरी वाचेल."

शेवटी सर एका सकाळी चार्जरवर गेले. टॅक्सी लागलेली होती. टॅक्सीवाला सीट मागे पाडून डोळ्यांवर रुमाल टाकून पडला होता. सरांनी काचेवर टकटक केली.

"हा चार्जर सार्वजनिक आहे," सर म्हणाले.

"म्हणूनच लावलीय," टॅक्सीवाला रुमालाखालून म्हणाला.

"सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचा."

"मग मी कुणात येतो?"

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. सरांनी घसा साफ केला. "तसं नाही. तुमचा हा व्यवसाय आहे. आम्ही इथले रहिवासी. नागरिक."

टॅक्सीवाल्याने रुमाल काढला. तो सरांना शाळेत जाता-येता रोज पाहत असे. "सर, तुमची गाडी बंद पडली तर तुम्ही बसने शाळेत जाल. माझी बंद पडली तर माझी शाळाच बंद. आणि माझ्या खोलीला खिडकी नाही, तर तार कुठून काढू?"

सरांना हे बोलणं उद्धट वाटलं. खरं तर ते उद्धट नव्हतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. सर तडक इंजिनीअरकाकांकडे गेले.

इंजिनीअरकाका तळमजल्यावर राहत. त्यांनी नोकरीत असताना पूल बांधले होते. ते पूल कुणी पाहिले नव्हते, पण निवृत्तीनंतर त्यांनी दिलेले सल्ले सगळ्यांनी पाहिले होते. त्यांनी आधी सरांना तंत्रज्ञान कुठे चाललंय ते समजावून सांगितलं. आणखी थोड्या दिवसांनी म्हणे गाडी चहा पिऊन होईपर्यंत भरेल, मग बोलता बोलता भरेल, मग नुसत्या रस्त्यावरून चालली तरी भरेल.

"ते येईल तेव्हा येईल," सर म्हणाले. "आज मला शाळेत जायचंय."

"मग बादली ठेवा."

टॅक्सी गेल्या गेल्या सरांनी त्या जागेवर निळी बादली ठेवली. शाळेतून आले तेव्हा जागेवर टेम्पो होता आणि बादली बागेच्या माळ्याकडे. माळी झाडांना पाणी घालत होता आणि बादलीचं कौतुक करत होता. दुसऱ्या दिवशी सरांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. संध्याकाळी तिच्यावर एक अनोळखी आजोबा बसले होते. सरांनी जागेचं कारण सांगितलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "छान सोय केलीत. बाकावर पाठ दुखते." ती खुर्ची पुढे बागेचीच झाली.

मग सरांनी एकदा पहाटेच जाऊन नंबर लावला, गाडी भरली, आणि भरल्यावरही ती तिथेच ठेवली. पूर्ण भरलेली, केबल लावलेली, सबंध दिवस. बायकोने बाल्कनीतून पाहिलं.

"अहो, भरली ना गाडी? काढा की."

"उद्या परत लागेल."

"म्हणजे जेवण झाल्यावर ताटावर बसून राहायचं, उद्याच्या जेवणासाठी?"

"हे तत्त्वाचं आहे," सर म्हणाले. माणूस आपल्या सोयीला तत्त्व म्हणायला लागला की त्याला घरातलं कुणी थांबवू शकत नाही. बायको आत गेली.

तत्त्वाचं असल्यामुळे प्रकरण वॉर्ड ऑफिसात गेलं. तिथे वीज विभागाने सांगितलं की यंत्र आमचं आहे, पण ते उभं आहे ती जमीन उद्यान विभागाची. उद्यान विभाग म्हणाला, जमीन आमची, पण गाड्या जिथे उभ्या राहतात तो रस्ता. रस्ते विभागाला विचारा. रस्ते विभागातला माणूस जेवायला गेला होता. तो परत आल्यावर त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"एकट्या माणसाने दिला की आम्ही याला तक्रार म्हणतो," तो म्हणाला. "तक्रारीला उत्तर देतात. समिती असली की मागणी होते. मागणीचं काम करतात."

त्याच संध्याकाळी 'न्याय्य चार्जिंग नागरिक समिती' स्थापन झाली. अध्यक्ष सर, तांत्रिक सल्लागार इंजिनीअरकाका. कार्याध्यक्षपदी सरांच्या पत्नींची एकमताने निवड झाली, आणि ती बातमी त्यांना भाजी निवडताना कळली.

"मला विचारलंत?"

"समितीने विचार करूनच—"

"समितीत आहे कोण?"

"मी आणि काका."

"छान," बायको म्हणाली. "मग राजीनामा कुणाकडे देऊ? तुमच्याकडे की काकांकडे?"

समितीची मागणी सरांनी रात्रंदिवस घासूनपुसून तयार केली. तिच्यात 'समान संधी' हे शब्द जागोजाग होते. अवजड व व्यावसायिक वाहनांनी जागा अडवू नये म्हणून चार्जरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांब रोवावेत, म्हणजे लहान घरगुती गाडीच आत जाऊ शकेल. फुटपाथवर चाकं चढवली जातात, तरी चार्जरभोवती उंच चौथरा बांधावा. आणि 'काही वाहनचालक दारे सताड उघडी ठेवून विनाकारण जागा व्यापतात, त्यांसही आळा बसेल.' हे शेवटचं वाक्य लिहिताना सरांना विशेष समाधान वाटलं होतं. खांबांमधलं अंतर ठरवायला इंजिनीअरकाका फीत घेऊन खाली आले आणि त्यांनी सरांची गाडी मोजली. त्या वेळी गाडीचे आरसे मिटलेले होते.

आता अशी मागणी केली की ती वर्षानुवर्षं फायलीत पडून राहते, हा सगळ्यांचा अनुभव. सरांचाही तोच होता, आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांचा त्याच्यावर भरवसाही होता. पण वॉर्डातल्या नगरसेविकाबाईंना नेमकं त्याच सुमारास काहीतरी आधुनिक करून दाखवायचं होतं. पाहता पाहता ट्रक आला, खड्डे झाले, सिमेंट पडलं. खांबांना पिवळा आणि काळा रंग दिला गेला. सर शाळेतून येता-जाता थांबून सूचना देत. कामगार 'हो सर' म्हणत आणि आपलं काम करत.

सिमेंट वाळल्यावर सरांनी गाडी आत घातली. सुंदर बसली. जणू म्यानात तलवार. सरांनी समाधानाने किल्ली काढली आणि दार उघडलं. दार टण्णकन खांबाला लागलं. जी फट झाली तिच्यातून सरांचा हात बाहेर येत होता. पलीकडचं दार उघडून पाहिलं; तिकडेही हातच. गाडी आत जाईल एवढं समितीने बघितलं होतं, माणूस बाहेर येईल हे बघायचं राहून गेलं होतं.

सरांनी शांतपणे विचार केला. मागची सीट पाडली, तिच्यावरून रांगत डिकीपर्यंत गेले, आतून डिकी ढकलली आणि आधी डोकं, मग खांदे, असे रस्त्यावर प्रकट झाले. समोर क्लासला चाललेल्या त्यांच्याच शाळेतल्या मुली उभ्या होत्या.

"सर, काही हरवलंय का?"

"हो," सर म्हणाले. "पेन."

मुली बिचाऱ्या वाकून रस्त्यावर पेन शोधायला लागल्या. सरांनी खिशातलं पेन हळूच मुठीत घेतलं आणि ते गाडीखाली सापडल्याचं दाखवलं. नागरिकशास्त्राच्या माणसाला पेनासाठी खोटं बोलावं लागलं, तेव्हाच त्यांनी सगळं थांबवायला हवं होतं. पण टॅक्सी येऊन, खांब बघून, निघून गेली होती. टेम्पोही फिरकत नव्हता. लाल गाडी एकदा येऊन थोडा वेळ रस्त्यातच थांबली आणि वळून गेली. जागा सदा रिकामी असे. डिकीतून बाहेर यायची सवय होते, असं सरांनी स्वतःला सांगितलं. पाठीलाही तो व्यायाम चांगला.

रविवारी सकाळी 'आदर्श चार्जिंग केंद्रा'चं उद्घाटन ठरलं. नगरसेविकाबाईंनी आग्रहच धरला की सरांची गाडी आत लावलेली, केबल जोडलेली हवी, म्हणजे फोटोत काम दिसतं. स्टेज कुठे घालायचं यावर वाद झाला. माइकची वायर फक्त चार्जरच्या तोंडाशीच पोचत होती, म्हणून स्टेज तिथेच, गाडीच्या मागच्या बंपरला खेटून बांधलं. वर कापडी फलक: 'समान संधी, समान चार्जिंग'. स्टेज बांधणारे लोक काम उरकून दुसरीकडच्या स्टेजवर गेले. ते संध्याकाळी उतरवायला येणार होते.

कॉलनी जमली होती. रिबीन कापली गेली, पुष्पगुच्छ दिला गेला, आणि सर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते. तंत्रज्ञान पुढे जातं, पण समाजातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं नाही तर ती प्रगती नव्हे, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. लाल गाडी होती.

काच खाली झाली. आत आखूड केसांच्या, चाळिशीच्या पुढच्या बाई होत्या. मागच्या सीटवर औषधांची मोठी पेटी आणि खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे पडलेले. त्यांनी जवळ उभ्या असलेल्या इंजिनीअरकाकांना विचारलं, "काय चाललंय?"

"चार्जरचं उद्घाटन."

"तो तर आधीपासून होता."

"आता व्यवस्थित झालाय," काका म्हणाले.

बाईंनी खांबांकडे पाहिलं, चौथऱ्याकडे पाहिलं. "हे कुणी केलं?"

"सरांनी!" काका अभिमानाने ओरडले. "सरांनी, सरांनी!" म्हणत मागच्या रांगाही ओरडल्या आणि सरांच्या दिशेने पुन्हा टाळ्या वाजल्या. सर हात जोडून, गुच्छासकट वाकले.

ते सरळ झाले तेव्हा लाल गाडीचं दार उघडत होतं. सताड. दार पूर्ण उघडल्यावर बाईंनी शेजारच्या सीटवरून एक चाक काढलं, मग दुसरं, मग घडी घातलेली खुर्ची. एकेक भाग जुळवून ती चाकांची खुर्ची त्यांनी दारात उभी केली, आणि दोन्ही हातांवर अंग तोलून गाडीतून तिच्यात उतरल्या. सवयीचं काम असलं तरी त्याला वेळ लागला. सरांच्या हातातला गुच्छ एकाएकी फार जड झाला. दर खेपेला हे असंच चाललं होतं. बाल्कनीतून नुसतं दार दिसत होतं, आणि त्या दाराबद्दल त्यांनी मागणीत एक वाक्य लिहिलं होतं.

बाई खुर्ची ढकलत चौथऱ्यापाशी आल्या. "तुम्ही सर?"

"हो. म्हणजे—"

"मी जनावरांची डॉक्टर आहे. तिकडे गावाबाहेर गोठ्यात गाय अडलीय, मालकाचे फोनवर फोन येतायत. माझी गाडी कशीबशी इथवर आलीय. थोडं चार्ज झालं तर पोचेन. या खांबांमध्ये माझं दार उघडणार कसं? आणि उघडलं तरी या चौथऱ्यावर मी चढणार कशी?"

"आम्ही आहोत ना," सर घाईघाईने म्हणाले. "आम्ही तुम्हाला उचलून—"

"मला उचलायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "मला गाडी चार्ज करायचीय."

कुणीतरी म्हणालं, सरांची गाडी बाहेर काढा. मागे स्टेज होतं. कुणी म्हणालं, स्टेज सरकवा. ते बोल्ट मारून घट्ट केलेलं होतं आणि पाने स्टेजवाल्यांकडे. मग कुणी म्हणालं, निदान केबल काढून लाल गाडीपर्यंत ओढा. केबल निघेना. राखाडी गाडी आतून बटण दाबल्याशिवाय केबल सोडत नसे, हे फक्त सरांना माहीत होतं.

"मी काढतो," सर म्हणाले.

त्यांनी दाराच्या फटीतून हात घालून पाहिला. बटणापर्यंत पोचेना. मग ते गुच्छ खाली ठेवून स्टेज आणि गाडी यांच्यामधल्या सांदीत शिरले आणि सगळ्या कॉलनीदेखत त्यांनी डिकी उघडली. स्टेजच्या कडेला टेकून ती अर्धीच उघडली. सर त्या अर्ध्या फटीत डोकं घालून आत सरकले, आणि कमरेपाशी अडकले. धड आत, पाय बाहेर. वर फलकावर 'समान संधी'. उद्घाटनाला आलेल्या वार्ताहराने एवढा वेळ भाषणाचे फोटो काढले नव्हते. आता त्याचा कॅमेरा थांबेना.

आतमध्ये अंधार होता आणि रबराचा वास. बाहेरचं सगळं सरांना ऐकू येत होतं. नगरसेविकाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "रचना समितीची आहे हं, आमची फक्त अंमलबजावणी." इंजिनीअरकाका म्हणत होते, "मला गाडी मोजायला सांगितली, मी गाडी मोजली." मग एक ओळखीचा आवाज आला.

"सर आहेत का हे? पायांवरून ओळखलं नाही."

टॅक्सीवाला होता. गर्दी पाहून थांबला होता.

"बाई, चला, मी सोडतो," तो म्हणाला. "इथून हाकललं म्हणून शहराच्या पार त्या टोकाला पहाटेपासून रांगेत उभा होतो. आज गाडी फुल्ल आहे. सरांचीच कृपा. मीटरने पैसे घेईन हं, समाजसेवा नाही."

"मीटरनेच द्यायचेत," बाई म्हणाल्या. "ती पेटी आडवी नका करू, औषधं आहेत. खुर्चीची चाकं आधी काढा. तशी नाही, ती खिटी दाबा."

टॅक्सीची दारं लागल्याचे आवाज आले. त्याच वेळी सरांचं बोट बटणाला लागलं आणि केबल सुटली. ती ओढून पाहिली तेव्हा लाल गाडीच्या अर्ध्या वाटेतच संपत होती. पण हे सरांना नंतर कळलं. आधी बायकोने आणि माळ्याने त्यांना पायांना धरून बाहेर ओढलं. तिने त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली, मग लाल गाडीच्या काचेवर लावलेला डॉक्टरबाईंचा नंबर आपल्या फोनमध्ये टिपून घेतला.

संध्याकाळी तिनेच फोन केला. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले होते. आत जायचं धाडस होत नव्हतं आणि ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं. तिने फोन ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "गाय वाचली."

"अरे वा."

"वासरू गेलं."

सरांनी दाराच्या कडीला उगाच हात लावला.

"मी विचारलं त्यांना," बायको म्हणाली. "आधी पोचला असता तर वाचलं असतं का म्हणून. म्हणाल्या, असंच काही नाही."

सरांनी एक पाऊल आत टाकलं.

"पण वाचलं नसतंच, असंही नाही म्हणाल्या."

सोमवारी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सरांचे पाय छापून आले. शाळेत शिक्षकांच्या खोलीत ते गेले तेव्हा सगळ्यांनी एकदम हवामानाबद्दल बोलायला सुरुवात केली. वर्गात त्या दिवशी धडा होता 'सार्वजनिक सुविधा आणि आपण'. सरांनी पुस्तक उघडलं, खडू घेतला, फळ्याकडे वळले आणि तसेच उभे राहिले. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी, अगदी मायेने, आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "सर, हा धडा सोडून देऊ या का?"

सरांनी तो धडा शिकवला. कसा शिकवला ते त्यांना आठवत नाही. तास संपल्यावर ते थेट वॉर्ड ऑफिसात गेले.

"खांब काढायचेत," ते रस्ते विभागातल्या माणसाला म्हणाले.

"कुणाचे?"

"माझे. म्हणजे समितीचे."

"मागणी पूर्ण झाली की फाइल बंद होते, सर. आता काढायचे असतील तर कुणीतरी त्याविरुद्ध तक्रार केली पाहिजे."

"मी करतो तक्रार."

"कुणाविरुद्ध?"

सरांनी थोडा वेळ छताच्या पंख्याकडे पाहिलं. "अध्यक्ष, न्याय्य चार्जिंग नागरिक समिती," ते म्हणाले.

त्या माणसाने हे काही विचित्र आहे असं चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्याच्या नोकरीत बरंच काही होऊन गेलं असावं. सुनावणी लागली. अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, एक तक्रारदाराची, एक प्रतिवादीची. सर दोन्हींच्या मध्ये उभे राहिले.

"तक्रारदार आले आहेत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मीच."

"प्रतिवादी?"

"तोही मीच."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "बसा ना, कुठल्याही एका खुर्चीत बसा. तुमचं म्हणणं काय?"

सरांनी वाक्यं जुळवून आणली होती. ती त्यांना सांगता येईनात. जे आलं ते असं: "साहेब, या अध्यक्षाने स्वतःच्या सोयीसाठी बाकीच्यांची वाट बंद केली, आणि तिला न्याय असं नाव दिलं. एका बाईंच्या गाडीचं उघडं दार त्याला बाल्कनीतून कितीदा तरी दिसत होतं. त्याने खाली उतरून एकदाही विचारलं नाही."

"आणि प्रतिवादीचं म्हणणं?"

"त्याला काही म्हणायचं नाही."

"बचावात काहीच नाही?"

"सुचत नाहीये, साहेब."

अधिकाऱ्यांनी पेन बंद केलं. "बघा, दोन्ही पक्षांत तडजोड होत असेल तर आम्ही निकाल देत बसत नाही. खांब लगेच काढून टाकतो. होईल तडजोड?"

"होईल," सर म्हणाले. "पण वेळ लागेल."

खांब निघाले. चौथरा फोडून उतार करायचा ठरला, तेव्हा त्याचं माप घ्यायला इंजिनीअरकाकांनी डॉक्टरबाईंना फोन केला. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीचं माप तुम्हीच घेतलं होतंत का?" काकांनी फीत गुंडाळून ठेवली. बाई स्वतः आल्या, खुर्ची कुठे वळते, हात केबलपर्यंत कुठून पोचतो, हे प्रत्यक्ष दाखवून गवंड्याकडून खडूच्या रेघा मारून घेतल्या. सर त्या दिवशी बाल्कनीत गेले नाहीत. पडद्याआडून पाहत होते.

टॅक्सी परत यायला लागली. टेम्पोही. बंद केबलीवरचं 'लवकरच' अजून तसंच आहे, त्यामुळे रांग असतेच. सरही रांगेत असतात. ते कुणाला काही समजावून सांगत नाहीत. लिफ्टमध्ये हल्ली लोक कसेही शिरतात.

डॉक्टरबाईंशी बोलायचं मात्र राहूनच जात होतं. लाल गाडी दिसली की सरांना काहीतरी काम आठवे. शेवटी एकदा संध्याकाळी रांगेत लाल गाडीच्या मागेच त्यांचा नंबर आला आणि पळायला जागा राहिली नाही. सर खाली उतरले. शब्द त्यांनी किती दिवस घोळवले होते. ते लाल गाडीच्या उघड्या दारापाशी जाऊन उभे राहिले. बाई खुर्चीची चाकं बसवत होत्या.

"डॉक्टर," सर म्हणाले, "मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. त्या दिवशी जे झालं, आणि त्याच्या आधीही, मी जे लिहिलं होतं—"

"वाचलंय मी ते," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरं चाक खटकन बसवलं. "रस्ते विभागाने प्रत पाठवली होती. सताड हा शब्द चांगला आहे."

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी, मला खरोखरच—"

"मागे कुत्रा आहे," बाई म्हणाल्या. "एका पेशंटचा. पायाला टाके घातलेत. मी केबल लावेपर्यंत त्याला बाहेर घेऊन धरता का? गाडीत एकटा ठेवला तर टाके चावून काढतो. आणि जपून. अनोळखी माणसाला चावतो तो."

सरांनी मागचं दार उघडलं. आतलं कुत्रं मोठं, तपकिरी, चिडक्या डोळ्यांचं होतं. सरांनी हात पुढे केला, डोळे मिटले आणि त्याला पट्ट्याला धरून बाहेर घेतलं. बाई उताराने वर गेल्या, त्यांनी केबल उचलली, ती जड होती तरी कुणाची मदत मागितली नाही, आणि गाडीला लावली. रांगेतला टॅक्सीवाला काच खाली करून बघत होता. सर कुत्र्याला धरून फुटपाथवर उकिडवे बसले होते.

कुत्र्याने त्यांचा हात हुंगला. मग बराच वेळ, मन लावून, तो हात चाटत बसलं. चावलं असतं तर सरांना जरा बरं वाटलं असतं.